अदलाबदलीचा दिवस

आत्याने शेती सोडायचं जाहीर केलं ते ताटल्या विसळता विसळता, आणि अशा सुरात, की जणू उद्यापासून चहात साखर कमी घालणार आहे.

"गुडघे नाही म्हणतात," ती म्हणाली. "पेरणीच्या आधी वरचा तुकडा तुमच्यापैकी एकाला देऊन टाकते. अर्धा अर्धा मुळीच देणार नाही. कोबी आहे का तो, मधून चिरायला?"

थोरला हातातली पुसून झालेली ताटली पुन्हा पुसायला लागला. धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला, जिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, तेवढी सरळ आत्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या स्वयंपाकघरात तुकडा नको असलेली ती एकटीच होती. आपल्या नवऱ्याला तो मिळू नये, एवढीच तिची इच्छा होती.

वरचा तुकडा घरामागच्या चढावर. एका अंगाला थोरल्याचं काचघर, दुसऱ्या अंगाला धाकट्याच्या शेताचं कुंपण. तिथली माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावलं की मोकळी होते. भाऊ-भावजय पाठोपाठ गेल्यावर आत्याने याच मातीवर दोन भाचे वाढवले. दरवर्षी नांगरट, मग दोरी ताणून पाडलेल्या सऱ्या, मग खुरपणी आणि पाठीवरून वाहिलेली खताची पोती. तिच्या सऱ्या इतक्या सरळ असत की वाटेने जाणारे थांबून बघत, आणि आत्या त्यांना बघू देई.

आता थोरल्याला तिथे काचघर वाढवायचं होतं. जमीन सपाट करायची, वर काँक्रीट ओतायचं, आणि त्यावर पाण्याच्या पन्हळी उभ्या करायच्या. धाकट्याला तिथला नांगर कायमचा बंद करून माती पेंढ्याखाली झाकायची होती. म्हणजे तुकडा कुणालाही गेला तरी आत्याच्या सऱ्या पुसल्या जाणार होत्या. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"त्याला देशील तर पुढच्या वर्षी तुला तुझा तुकडा सापडायचा नाही," थोरला म्हणाला. "जंगल करून ठेवेल."

"आणि याला दिलास तर सापडेल," धाकटा म्हणाला. "पण भेटायला जाताना पाय धुऊन, डोक्याला टोपी घालून जावं लागेल. दवाखान्यात जातात तसं."

"झालं?" आत्याने नळ बंद केला. "तुमच्या बापाचा नियम विसरलात वाटतं दोघं."

विसरले नव्हते, कुणी काढत नव्हतं इतकंच. दुसऱ्याच्या शेताला नाव ठेवायचं असेल, तर आधी एक दिवस तिथे राबायचं. हा नियम बापाने केला होता तो आत्याशीच भांडून, ती पहिल्यांदा विकतचं खत घेऊन आली तेव्हा. सकाळी मालकाने काम सांगायचं आणि मग संध्याकाळपर्यंत आपल्याच शेतात पाय टाकायचा नाही. आणि जाणाऱ्याने स्वतःचं अवजार बरोबर न्यायचं नाही, कारण आपल्या अवजाराने गेलं की माणूस तिथेही आपलीच शेती करून येतो.

"उद्या अदलाबदल," आत्या म्हणाली. "संध्याकाळी मी सांगते, तुकडा कुणाचा."

सकाळी दारातच पहिली कुरबुर झाली. थोरल्याने फोन खिशात टाकला होता.

"तो इथे ठेव," आत्या म्हणाली.

"फोन म्हणजे काय अवजार आहे का?"

"तुझी सगळी अवजारं त्यातच आहेत. अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्यावरून शेताला पाणी देतोस. मी काय आंधळी आहे?"

थोरल्याने मुकाट्याने फोन चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग भावाला म्हणाला, "तयार लेट्यूस मुळांसकट उचल, रिकाम्या भोकांत नवी रोपं बसव. बाकी कशालाही हात लावू नकोस. यंत्र स्वतःचं स्वतः बघतं."

"घेवडा तोड," धाकटा म्हणाला. "मग जिथे माती उघडी दिसेल तिथे पेंढा घाल. खणू नकोस."

"घेवडा कुठल्या बाजूला आहे?"

"सगळ्याच. मक्यावर चढलाय. मक्याला विचार."

थोरल्याने पहिला तास नुसता चरफडण्यात घालवला. या शेतात रांग नावाची गोष्टच नव्हती. मक्याच्या अंगावर घेवडा, घेवड्याच्या सावलीत भोपळा, आणि मधूनच कसली कसली फुलं, जी कुणी खात नव्हतं आणि विकत तर मुळीच नव्हतं. एका शेंगेपर्यंत पोचायला भोपळ्याची परवानगी काढावी लागत होती. त्याच्या काचघरात एवढ्या वेळात निम्मी काढणी उरकली असती. हे कष्ट आहेत की शिक्षा, असं मनात म्हणत तो वाकला आणि पेंढा घालण्यासाठी जमीन कुठे उघडी आहे ते चाचपायला लागला.

ती कुठेच उघडी नव्हती. जुन्या पेंढ्याखाली अर्धवट कुजलेला पेंढा, त्याखाली काळं भुसभुशीत काहीतरी, आणि कुठून माती सुरू झाली ते कळायच्या आत बोट पेरापर्यंत आत गेलेलं. हाताला गार ओल लागली. थोरला तसाच बसून राहिला. पाऊस होऊन बरेच दिवस झाले होते आणि या शेतात पाइप नव्हता, हे त्याला माहीत होतं, कारण पाइप नाही म्हणून त्यानेच भावाची टिंगल केली होती. आत्याच्या तुकड्यात एवढं बोट जायला आधी नांगर घालावा लागे. त्याच्या स्वतःकडे पाण्याचा थेंब न् थेंब यंत्र मोजून देत होतं. आणि इथे कुणीही काहीही न देता जमीन ओली होती.

त्याला आधी राग आला. कौतुक मागाहून आलं, पण आलं तेव्हा पुरतं आलं. त्याने आणखी एका ठिकाणी पेंढा बाजूला सारला, मग आणखी एका. गांडुळं उजेडाला कंटाळून आत सरकली. हा येडा गेली कित्येक वर्षं घरात हेच सांगत होता, थोरल्याच्या मनात आलं, आणि आपण दर वेळी त्याला मीठ वाढायला सांगून विषय बदलत होतो. आता तो घेवडा हळू तोडायला लागला, वेल दुखवणार नाही असा.

तिकडे धाकटा पाय धुऊन, टोपी घालून काचघरात शिरला, आणि आत जाताच त्याची थट्टा दारातच राहिली. आत उजेड सगळीकडे सारखा पसरलेला. कमरेच्या उंचीवर पांढऱ्या पन्हळींच्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांच्या भोकाभोकांतून हिरवागार लेट्यूस. पाणी दिसत नव्हतं, त्याची बारीक खळखळ तेवढी ऐकू येत होती. त्याने पहिलं रोप उचललं. पानांमागोमाग मुळं आली, पांढरीशुभ्र, लांब, निथळती. एकही तंतू तुटलेला नाही.

धाकट्याने आयुष्यभर मुळांची काळजी वाहिली होती, पण अखंड मूळ कधी पाहिलं नव्हतं. मातीतून उपटलं की तुटून हातात उरतं तेवढंच त्याला ठाऊक. तो ते रोप उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवून बघत राहिला. ही सगळी उठाठेव दादाने एकट्याने केली होती. पहिल्या वर्षी अख्खं पीक सडलं तेव्हा घरातले सगळे हसले होते, आणि सगळ्यांत मोठ्याने आपणच हसलो होतो, हेही त्याला आठवलं. आज एका ओळीतून जेवढं निघत होतं तेवढं त्याच्या शेताचा एक कोपरा हंगामभरात देत नव्हता. पाणीही तेच तेच फिरत होतं. पानाने प्यायलं तेवढंच काय ते कमी व्हायचं. माझा भाऊ मोठा माणूस आहे, असं तो चक्क मोठ्याने बोलला. ऐकायला लेट्यूसच होता.

आणि इथेच घात झाला. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलंच नसतं, पण धाकट्याला त्या रोपांची दया आली. इतकी गुणी पोरं, आणि दादा त्यांना नुसतं गाळलेलं पाणी आणि पुड्यांतलं मीठ देतो. त्याच्या कुंपणापाशी कंपोस्टचा काढा मुरत ठेवलेला होता, चांगला जुना, कुणालाही न देता राखून ठेवलेला. तो होता कुंपणाबाहेर, म्हणजे आपल्या शेतात पाय टाकावा लागत नव्हता, आणि दुसरा नियम अवजारांचा होता. काढा हे काही अवजार नव्हे, तो खाऊ. माणूस कुणाकडे जाताना रिकाम्या हाताने जातो का? त्याने पाठच्या दाराने जाऊन कॅन आणला, स्वच्छ फडक्यातून काढा दोनदा गाळला आणि मोठ्या प्रेमाने सगळाच्या सगळा टाकीत ओतला.

वहिनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती तेव्हा चमचे वाजायला लागले.

ड्रॉवरमध्ये फोन थरथरत होता आणि त्याच्याबरोबर अख्खा चमच्यांचा संसार. वहिनीला ती थरथर ओळखीची होती. तिच्या लग्नाइतकी नाही, पण त्याच्या खालोखाल. जेवताना ती व्हायची, पाहुण्यांत व्हायची, आणि नवरा हातातला घास ताटात ठेवून उठायचा. तो घरात असला तरी काचघरातच असायचा. आता एका काचघराची दोन होणार होती. तिने ड्रॉवर उघडला. फोनवर लाल अक्षरांत आलं होतं की पन्हळींतलं पाणी थांबलंय.

थांबलं तर थांबू दे, असं तिच्या मनात आलं. आजचं पीक गेलं तर तुकडा धाकट्याकडे जाईल, आणि आपल्याला नवरा मिळेल. तिने ड्रॉवर लोटून दिला. मग जीभ चावली, तो पुन्हा उघडला, आणि वळून बघते तर दारात आत्या.

"मी काही पाहिलं नाही," आत्या म्हणाली. "पळ, त्याला बोलाव. मी काचघराकडे जाते."

थोरला धावत आला तो केसांत पेंढा आणि ढोपरांना माती घेऊन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाय न धुता काचघरात शिरला. ऊन ऐन डोक्यावर होतं. दाराजवळच्या ओळींनी माना टाकायला सुरुवात केली होती. धाकटा टाकीपाशी उभा होता, तोंड पांढरंफटक.

"दादा, मी काढा घातला. गाळून घातला होता."

थोरल्याने टाकीत पाहिलं. पाणी चहासारखं दिसत होतं. पन्हळींना पाणी नेणाऱ्या नळ्या काडीएवढ्या बारीक, त्या एकूणएक तुंबल्या होत्या. वहिनी श्वास रोखून नवऱ्याकडे बघत होती. आता तो ओरडेल आणि वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर पडेल, अशी तिची खात्री होती.

"किती घातलास?" थोरल्याने विचारलं.

"सगळा."

"बरं. तो खालचा कॉक सोड, टाकी रिकामी कर. अगं, बाहेरच्या नळावरून बादल्या भरून आण. आत्या, तू मग घे. पन्हळीच्या वरच्या तोंडात साधं पाणी ओत, ते आपोआप खालपर्यंत जातं. ही झाली की पुढची. शेवटची झाली की परत पहिली. थांबू नकोस."

"मला कामाला लावतोस?"

"आज तू माझ्या हाताखाली."

आत्याने मग उचलला. पाणी ओतायचं, पुढे सरकायचं. कुठे मुळांवरचं झाकण उचकटलेलं होतं, तिथून तिला आत दिसलं. काचेतल्या शेतीला ती आजवर 'ते काय ते' म्हणत आली होती. आता मगातलं पाणी त्या मुळांच्या चटईवरून पातळ पसरत जाताना ती बघत होती आणि तिला कबूल करावं लागत होतं की हे सुंदर आहे. तिने जन्मभर जमिनीला पाणी दिलं होतं, आणि ते मुळापर्यंत पोचलं असेल असं मानून घरी गेली होती. इथे पोचताना दिसत होतं. शेवटच्या ओळीवरून ती परतली तेव्हा पहिल्या ओळीची पानं सावरायला लागली होती.

दोघे भाऊ खाली मांडी घालून नळ्या काढून फुंकत होते. फुंकर जोरात मारली की काढा पलीकडून उडायचा, हळू मारली की उलटा तोंडात यायचा. थोरला थुंकला.

"याची चव ही अशी असते?"

"चांगला मुरलाय," धाकटा खालच्या मानेने म्हणाला.

थोरला त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू आवरेना. धाकटा आधी बिचकला, मग तोही हसला, आणि दोघांची तोंडं तपकिरी झालेली बघून बादली घेऊन आलेल्या वहिनीने बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून हसली. नवरा असा हसतो हे ती विसरूनच गेली होती.

"फुंका रे," आत्या ओरडली. "तिसऱ्या ओळीला तहान लागलीये."

ऊन उतरलं तेव्हा पाणी पुन्हा आपलं आपण वाहायला लागलं. दाराजवळचा थोडा लेट्यूस गेला, बाकीचा वाचला. चौघं बाहेर रिकाम्या क्रेटवर बसली. समोर वरचा तुकडा होता, यंदाच्या शेवटच्या सऱ्यांसकट.

"तुकडा दादाला दे, आत्या," धाकटा म्हणाला. "मला बोलायला तोंड नाही. शिवाय आत जे बघितलं ना, ते... मी उगाच दवाखाना म्हणायचो."

थोरला केसांतला पेंढा काढू लागला. भावाची मान अशी वाकलेली बघून, आणि हातात आलेलं सोडवत नसल्याने, त्याचं त्यालाच कसंसं होत होतं. "तुझ्या शेतात पाणी कुठून येतं ते मी सकाळभर शोधत होतो," तो शेवटी म्हणाला. "सापडलं नाही. हे कबूल करतो. पण तुकडा मला हवाय."

"धाकट्याला दिला," आत्या म्हणाली.

 धाकट्याने मान वर केली, पण आत्या त्याच्याकडे बघतच नव्हती.

"आज त्याने तुझं सगळं पीक बुडवलं असतं ना, थोरल्या, तरी मी हेच म्हटलं असतं. का ते ऐक. मी दुपारभर तुझं शेत बघत होते. थक्क झाले रे. मातीशिवाय असं पीक. मी मातीपुढे कंबर मोडून घेतली आणि तू तिला विचारलंसुद्धा नाहीस. तुझ्या पन्हळींना खाली काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. अवजारांच्या शेडमागे तो खडक आहे, तिथे गवतही उगवत नाही, तिथे उभ्या कर; असंच पीक येईल. तू एवढं मोठं काम केलंयस की तुला माझी माती लागतच नाही. याला मात्र मातीच हवी, याच्याकडे दुसरं आहे काय? माझ्या सऱ्या तो मोडणार. मला वाईट वाटेल, पण खाली माती तरी राहील. आता तू सांग, तुला ती कशाला हवी होती?"

थोरल्याने क्रेटच्या कडेवर नख घासलं.

"तुझी होती म्हणून," तो म्हणाला.

वहिनीने झटकन नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती समजत होती की याला काचेची हाव आहे. तिने आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"आणि माझी म्हणून तिच्यावर काँक्रीट ओतणार होतास," आत्या म्हणाली.

"आत्या, तसं नाही गं."

"तसंच आहे. तुझ्या बापाचीही मायेची हीच तऱ्हा होती." आवाज कडक होता, पण तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

"त्याला माती दिलीस," थोरला म्हणाला. एवढा बाप्या माणूस, पण सूर शाळेतून घरी आलेल्या पोराचा. "मला काय दिलंस तुझं?"

 आत्या आपल्या गुडघ्यांवर तळवे ठेवून बसली होती, जणू त्यांना काही विचारून घेत होती.

"सकाळी किती वाजता उघडतोस रे ते काचघर?"

"का?"

"दुपारपासून मी उभी होते. इतक्या ओळी फिरले, आणि एकदाही वाकले नाही. हे दोघं अजून एक अक्षर बोललेले नाहीत." तिने गुडघ्यांवर थापटी मारली. "माती त्याच्याकडे जाईल. मी तुझ्याकडे येते. काम शिकव मला."